चूल ते विद्युत्‌पात्र : अरिष्टाच्या क्वाथासाठी पोटली-पद्धतीचा एक अनुभव

आसव-अरिष्टे स्वतः तयार करणाऱ्या वैद्यांची संख्या घटत चालली आहे, ही खंत आपल्या प्रत्येक मेळाव्यात व्यक्त होते. कारणे विचारली असता उत्तरेही ठरलेली मिळतात : सरपण मिळत नाही, भट्टीवर दिवसभर बसणारा माणूस मिळत नाही, शेजाऱ्यांना धूर चालत नाही. आमच्या लहानशा औषधनिर्माणशाळेतही हीच तीन कारणे उभी राहिली. त्यांतील दुसरे कारण आम्हाला विशेष जिव्हारी लागले. कित्येक वर्षे आमच्या भट्टीवर बसणाऱ्या काकांना जुनाट कासाने गाठले. ज्यांच्या हातचे वासारिष्ट आम्ही श्वास-कासाच्या रुग्णांना देत होतो, तेच काका धुरामुळे रात्र-रात्र खोकत होते. या विसंगतीकडे डोळेझाक करणे आम्हाला शक्य झाले नाही.

चूल बंद करावयाची, पण क्वाथ बंद करावयाचा नाही, असा निश्चय करून आम्ही विजेवर चालणाऱ्या भांड्याची मांडणी केली. त्यात एक घाणा पूर्ण फसला, दोन घाणे जेमतेम जमले आणि त्यानंतर हात बसला. या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींना आणि निर्माणशाळांच्या चालकांना आमच्या चुका तरी पुन्हा कराव्या लागू नयेत, या हेतूने हा लेखनप्रपंच.

परदेशातील पिशवी-पद्धती

या मांडणीची कल्पना आम्हाला अनपेक्षित ठिकाणाहून मिळाली. आमच्या एका रुग्णाचे चिरंजीव ऑस्ट्रेलियात, मेलबर्न येथे असतात. तेथे घरगुती प्रमाणात बिअर तयार करणे हा अनेकांचा छंद आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती मद्यनिर्मितीवरील परवान्याची अट काढली गेली, तर अमेरिकेत १९७८ साली झालेल्या कायद्याने तिला मध्यवर्ती करातून सूट मिळाली. त्यानंतर या छंदाची साधने झपाट्याने सुधारली. पूर्वी या कामास तीन भांडी लागत : एक पाणी तापविण्यास, दुसरे मोड आणून वाळविलेले जव भिजविण्यास आणि तिसरे गाळलेला रस उकळण्यास. साधारण २००६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील हौशी मंडळींनी ही तीन भांडी एकावर आणली. भांड्याच्या आत बारीक जाळीच्या कापडाची मोठी पिशवी बसवावयाची, तीत भरडलेले जव घालावयाचे, सर्व पाणी एकदाच घ्यावयाचे, आणि काम झाल्यावर पिशवी उचलून निथळत ठेवावयाची. उरलेला रस त्याच भांड्यात उकळावयाचा. भांड्याच्या तळाशी विजेची कांडी बसविली की चुलीचीही गरज उरत नाही.

हे वर्णन ऐकताच आम्हाला दोलायंत्राची आणि पोटलीची आठवण झाली. औषधी द्रव्य कापडात बांधून द्रवात शिजविण्याची युक्ती आपल्याकडे रसशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही पहिल्या वर्षात शिकविली जाते. तिचा उपयोग यवकूट चूर्णाच्या क्वाथासाठी का करू नये, असा विचार मनात आला. क्वाथ गाळताना होणारी धावपळ, उकळत्या भांड्याला दोघांनी धरून तिरपे करणे, फडक्यातून सांडणारा रस आणि भाजलेले हात, हे सर्व टळणार होते.

साम्य आणि भेद

परंतु साम्य दिसले म्हणून साधन जसेच्या तसे उचलणे ही आमची पहिली चूक ठरली. बिअर करणाऱ्याचे काम आणि आपले काम यांत एक मूलभूत भेद आहे, आणि तो आकड्यांतच पाहिला पाहिजे.

जवापासून रस काढताना पाणी सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअसवर तासभर स्थिर ठेवावे लागते. त्या उष्णतेवर जवातील किण्वके पिष्टाची साखर करतात. त्यानंतरची उकळी साधारण तास-दीड तासाची असते आणि तीत थोडेच पाणी आटते. म्हणजे त्यांच्या यंत्राचा सारा भर ठरावीक अंशावर उष्णता राखण्यावर आहे.

आपल्याकडे अरिष्टाचा क्वाथ चतुर्थांश किंवा अष्टमांश उरवावयाचा असतो. भैषज्यरत्नावलीतील पार्थाद्यरिष्ट, म्हणजेच आपले नेहमीचे अर्जुनारिष्ट, उदाहरणादाखल घेऊ. आयुर्वेदिक फॉर्म्युलरीतील मानाप्रमाणे अर्जुनत्वक्‌ ४.८ किलो, मृद्वीका २.४ किलो आणि मधूकपुष्प ९६० ग्रॅम, यांस पाणी ४९.१५२ लिटर, आणि अवशेष १२.२८८ लिटर. म्हणजे जवळजवळ ३७ लिटर पाण्याची वाफ झाली पाहिजे. एक लिटर उकळत्या पाण्याची वाफ करण्यास जी ऊर्जा लागते, ती तेवढेच पाणी साध्या उष्णतेवरून उकळीपर्यंत नेण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे सातपट असते. हिशेब केला तर ४९ लिटर पाणी उकळीस आणण्यास साधारण ४.३ युनिट वीज पुरते. पण ३७ लिटर आटविण्यास किमान २३ युनिट लागतात. भांड्याच्या अंगातून होणारा उष्णतेचा व्यय धरून आमचा प्रत्येक घाणा ३० ते ३५ युनिट घेतो.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, तीन किलोवॉटची कांडी पूर्ण वेळ चालू ठेवली तरी हा क्वाथ आठ-नऊ तासांच्या आत सिद्ध होणे शक्य नाही. जो विक्रेता दोन तासांत होईल असे सांगेल, त्याला क्वाथ म्हणजे काय ते माहीत नाही, असे खुशाल समजावे. दुसरी, ज्या तापनियंत्रकासाठी परदेशी यंत्राची निम्मी किंमत मोजावी लागते, तो क्वाथाच्या कामी निरुपयोगी आहे. उकळी आली की पाणी एकाच अंशावर राहते. उष्णता वाढविली तर अंश वाढत नाहीत, वाफ वाढते. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. नियंत्रकावर १०० चा आकडा लावून बसलेला मनुष्य तो आकडा येण्याची वाटच पाहत राहील.

मंदाग्नी, मध्यमाग्नी आणि तीव्राग्नी हे शब्द अंशांचे नाहीत; किती उष्णता किती वेगाने द्यावयाची, याचे आहेत. ही गोष्ट आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो होतो. वीज हाती घेतल्यावर ती नव्याने समजली.

फसलेला घाणा

पहिल्या मांडणीसाठी आम्ही परदेशी नमुन्याबरहुकूम उंच व अरुंद भांडे करून घेतले : ३५ सेंटिमीटर व्यासाचे आणि ७० सेंटिमीटरांहून अधिक उंच. तळाशी कांडी, तिच्यावर छिद्रांची चकती, चकतीवर पोटली. द्रवाची उंची पाहण्यासाठी पोलादी पट्टी, आणि तिच्यावर लिटरांच्या खुणा. खुणा आम्ही स्वतः साधे पाणी ओतून केल्या होत्या व त्या अचूक होत्या.

अर्जुनारिष्टाचा घाणा लावला. सायंकाळी पट्टी १२ लिटरांच्या किंचित वर दिसताच वीज बंद केली, पोटली उचलून निथळू दिली, तोटीने क्वाथ थेट चिनी मातीच्या बरणीत सोडला, वहीत १२.२८८ लिटरांची नोंद केली, आणि कोमट झाल्यावर ४.८ किलो गूळ व ९६० ग्रॅम धातकीपुष्पे घालून बरणी ठेवून दिली.

दहा दिवस झाले तरी बरणीतून आवाज नाही. पेटती काडी तोंडाशी धरली तरी ती विझेना. धातकीची फुले वर तरंगतच होती. थंडीचे दिवस म्हणून आम्ही आणखी वाट पाहिली. महिन्याच्या अखेरीस बरणी रिकामी करून मोजली, तेव्हा गुळासह जो द्रव १५ लिटरांच्या आसपास भरावयास हवा होता, तो साडेअकरा लिटरच भरला. म्हणजे मूळ क्वाथ साडेआठ लिटरांच्या आतबाहेर होता. तेवढ्या क्वाथात पूर्ण मानाचा गूळ पडल्याने द्रव इतका दाट झाला होता की संधान सुरूच होऊ शकले नाही. हाती आले ते अरिष्ट नव्हते; अर्जुनाच्या चवीची काकवी होती.

कारण शोधण्यास फार दूर जावे लागले नाही. काका बाजूला उभे होते. ते म्हणाले, "साहेब, चुलीवर असताना मी आधी झाऱ्याने सगळी साल बाहेर काढायचो, मग बादलीनं मोजायचो. माल आत असताना काठी खरं सांगत नाही." पोटलीतील भिजून फुगलेल्या आठ किलो द्रव्याने आपली जागा व्यापली होती. पट्टी दाखवीत होती ती द्रव आणि द्रव्य यांची एकत्र उंची. बिअर करणारा मनुष्य पिशवी काढल्यानंतर उकळतो, म्हणून त्याची पट्टी खोटे बोलत नाही. आम्ही त्याचे भांडे घेतले. त्याचा क्रम का तसा आहे, हे विचारले नाही.

तो घाणा आम्ही ओतून दिला. पाणी घालून तो सुधारता आला असता, असे काहींनी सुचविले. परंतु क्वाथ म्हणून ज्याची नोंद करावयाची, त्यात मागाहून पाणी मिसळून तेच नाव लावणे आम्हाला मान्य नव्हते. द्रव्याचे नुकसान सोसता आले. ज्या हृद्रोगी रुग्णांना आमच्या हातचे अर्जुनारिष्ट नित्य चालू होते, त्यांना दोन महिने बाजारातील बाटली लिहून द्यावी लागली, याचे शल्य अधिक होते. वहीत नोंद करणारा सहायक नवा होता. चूक त्याची नव्हती. न मोजता लिहिण्याची सोय ज्यांनी करून दिली, त्यांची, म्हणजे आमची होती.

सुधारलेली मांडणी

आता वापरात असलेली मांडणी पुढीलप्रमाणे आहे.

भांडे : ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचे, ४५ सेंटिमीटर व्यासाचे व तेवढ्याच उंचीचे. याची धारकता सुमारे ७० लिटर होते. ४९ लिटर पाणी आणि आठ किलो द्रव्य घालूनही वर फेसासाठी चार बोटांहून अधिक जागा राहते. रुंद तोंडामुळे मंद आचेवरही वाफ सहज निघते. उंच भांड्यात ती काठावर थिजून परत आत गळते. क्वाथाचे पात्र झाकू नये, हा शास्त्राचा दंडक येथे व्यवहारालाही धरून आहे. लोखंडी अथवा जस्ताचा मुलामा दिलेली कडी, आकडा, साखळी यांपैकी काहीही क्वाथाला लागू देऊ नये. अर्जुन, खदिर, बब्बूल यांसारख्या कषाय द्रव्यांचा लोहाशी संबंध येताच क्वाथ शाईसारखा काळा पडतो. ज्यांना द्रवद्वैगुण्य धरून मान घ्यावयाचे असेल, त्यांनी भांडेही दुप्पट धारकतेचे घ्यावे.

कांडी : एकच मोठी कांडी न घेता दीड-दीड किलोवॉटच्या दोन कांड्या आणि प्रत्येकीस स्वतंत्र खटका. दोन्ही चालू म्हणजे उकळी आणण्याचा अग्नी, एक चालू म्हणजे मंदाग्नी. याहून महागड्या नियंत्रकाची आम्हाला गरज भासली नाही. कांडी लांब व वळसे घेतलेली असावी. तेवढीच शक्ती आखूड कांडीत कोंबलेली असेल, तर तिचा पृष्ठभाग फार तापतो आणि द्राक्षा व मोहाच्या फुलांतील शर्करा तिच्यावर करपते. करपलेल्या क्वाथाचा वास कोणत्याही प्रक्षेपाने झाकत नाही. कांड्या तळापासून तीन सेंटिमीटरवर बसविल्या आहेत. या भांड्यात १२.२८८ लिटर द्रवाची उंची जेमतेम पावणेआठ सेंटिमीटर भरते. कांडी त्याहून वर असती तर शेवटी उघडी पडून जळाली असती. अष्टमांश क्वाथासाठी, किंवा कमी मानाच्या घाण्यासाठी, हे गणित आधी करून पाहणे अत्यावश्यक आहे.

जाळी : तळापासून पाच सेंटिमीटरवर, पायांवर उभी राहणारी छिद्रांची पोलादी चकती. पोटली कांडीला कधीही टेकता कामा नये. टेकल्यास कापड जळते आणि आतील भरड कांडीवर सांडते.

पोटली : परदेशात पॉलिएस्टरच्या जाळीदार कापडाची वापरतात. आम्ही विरळ विणीचे सुती कापड पसंत करतो. नवे कापड दोनदा उकळून त्यातील खळ काढून टाकतो. पोटली भांड्याइतकीच रुंद असावी आणि द्रव्य तीत सैल असावे. घट्ट बांधलेल्या पोटलीत मधले द्रव्य कोरडे राहिल्याचे आम्ही पाहिले आहे. मृद्वीका शिजून तिचा लगदा होतो व कापडाची छिद्रे बुजतात. म्हणून ती निराळ्या लहान पोटलीत घालतो. प्रत्येक गणासाठी पोटली वेगळी ठेवावी. हिंग-लसूण यांसारख्या उग्रगंधी द्रव्यांची पोटली दुसऱ्या कशासाठीही वापरू नये.

उचलण्याची सोय : ओली पोटली पंधरा-सोळा किलोंपर्यंत भरते आणि ती उकळत्या द्रवातून निघते. छताच्या तुळईला कप्पी बांधून दोरीने ती उचलावी. हाताने उचलण्याचे धाडस कोणी करू नये.

विजेविषयी काही कटू गोष्टी

अग्नीचा चटका दिसतो. विजेचा दिसत नाही. पाणी, वाफ, पोलाद आणि वीज एका खोलीत आणताना कोणतीही काटकसर क्षम्य नाही.

तीन किलोवॉटची कांडी २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेते. घरातल्या लहान जोडणीवर ती चालवू नये. मुख्य पेटीपासून तांब्याची चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, १६ अँपिअरची जोडणी, तिला योग्य एम.सी.बी., आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटणारा आर.सी.सी.बी. ही किमान व्यवस्था आहे. एम.सी.बी. तारेचे रक्षण करतो. माणसाचे रक्षण आर.सी.सी.बी. करतो. दोन्ही हवेत. भांड्याच्या अंगाला भूसंपर्काची तार पक्की जोडलेली असावी आणि ती दरवर्षी परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी. जागेचा मंजूर भार पुरेसा आहे किंवा नाही, हेही आधी पाहावे.

दिवसभरात ३७ लिटर पाणी वाफ होऊन खोलीत जाते. पंखा लावून ती बाहेर काढली नाही, तर ती भिंतींवर आणि खटक्यांवर पाणी होऊन उतरते. म्हणून आमचे खटके भांड्यापासून दूर, दाराबाहेर आहेत. पोटली उचलण्यापूर्वी दोन्ही खटके बंद करून मगच दोरीला हात लावावयाचा, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे.

ग्रामीण भागातील बंधूंसाठी आणखी एक गोष्ट. दाब २३० वरून १९० व्होल्टवर उतरला, तर कांडीची शक्ती केवळ सहाव्या हिश्शाने घटत नाही. ती जवळजवळ एक-तृतीयांशाने घटते. तीन किलोवॉटची कांडी दोनचेच काम करते आणि नऊ तासांचा क्वाथ तेरा तासांवर जातो. म्हणून 'इतके तास उकळावे' असा नियम कधीही लिहून ठेवू नये. घड्याळावरून क्वाथ सिद्ध झाला असे ठरवू नये, अवशेषावरून ठरवावे.

आमचा सध्याचा क्रम

आदल्या सायंकाळी यवकूट अर्जुनत्वक्‌ पोटलीत घालून मोजलेल्या पाण्यात भिजत ठेवतो. सकाळी सहाला दोन्ही कांड्या चालू करतो. पावणेदोन तासांत उकळी येते. पहिल्या उकळीस फेस येतो, त्या वेळी माणूस समोर असावा आणि गरज पडल्यास एक खटका बंद करावा. उकळी स्थिरावली की मृद्वीका व मधूकपुष्पांची पोटली सोडतो. दर अर्ध्या तासाने लाकडी दांड्याने पोटली हलवितो, म्हणजे द्रव आतून फिरतो.

दुपारी पट्टी २० लिटरांवर आली की वीज बंद करून पोटली उचलतो. पंधरा मिनिटे निथळल्यावर लाकडी फळ्यांमध्ये दाबतो. निघालेला रस भांड्यात परत जातो. मग सुमारे चार लिटर कढत पाण्याने चोथा एकदा धुऊन तेही भांड्यात घेतो. बिअर करणारेही धान्यातील उरलेली गोडी काढण्यासाठी असेच धुतात. त्यांच्याकडून घेण्यासारखी ही एक चांगली सवय आहे. यानंतर भांड्यात केवळ द्रव असतो, आणि पट्टी खरे बोलू लागते. एकाच कांडीवर, मंदाग्नीवर, तो १२.२८८ लिटरांपर्यंत आटवितो. बरणीत सोडण्यापूर्वी मापाच्या बादलीने पुन्हा मोजतो. जो आकडा बादली देईल, तोच वहीत. सायंकाळचे सहा-सात होतात.

द्रव्य अखेरपर्यंत क्वाथात राहिले पाहिजे, आपण ते मधेच काढता, हे शास्त्रसंमत आहे काय, असा प्रश्न एका ज्येष्ठ वैद्यांनी आम्हाला विचारला. प्रश्न योग्य आहे. द्रव्य सात-आठ तास उकळते, पुढे दाबून व धुऊन त्यातील अंश क्वाथातच येतो आणि अवशेष शास्त्रोक्त मानाचाच राहतो, हे आमचे उत्तर. तरीही हा क्रमभेद आहे, हे आम्ही नाकारीत नाही. म्हणून तो प्रत्येक घाण्याच्या नोंदीत स्पष्ट लिहितो. ज्यांना तो मान्य नसेल, त्यांनी पोटलीसह आटवावे. मात्र १२ लिटरांची खूण पोटली आत असताना ग्राह्य धरू नये. आणि सुगंधी, उडनशील द्रव्यांच्या बाबतीत ही चर्चा वेगळीच करावी लागेल.

गूळ मात्र कधीही कांडी चालू असताना भांड्यात घालू नये. क्वाथ कोमट झाल्यावर वेगळ्या पातेल्यात विरघळवून, गाळून, मग बरणीत घ्यावा.

संधानाच्या खोलीत

ज्या तापनियंत्रकाला आम्ही क्वाथाच्या कामी निरुपयोगी म्हटले, त्याला न्याय देणे येथे आवश्यक आहे. थंडीत संधान मंदावते, हा सर्वांचा अनुभव. पूर्वी बरणी धान्यराशीत पुरीत, कोंड्याने वेढीत. आम्ही आता बरणी पाण्याच्या टाकीत ठेवतो आणि लहान कांडी व नियंत्रक लावून ते पाणी २८ ते ३० अंशांवर राखतो. येथे खरोखर अंशांचा प्रश्न आहे, आणि येथे ते यंत्र धान्यराशीचे काम इमानाने करते. धातकीपुष्पांबरोबर येणारे किण्व सजीव आहे; त्याला ऊब हवी, चटका नको.

बरणी तीन-चतुर्थांशच भरतो. घरगुती मद्य करणारे भांड्याच्या झाकणाला नळी लावून तिचे दुसरे टोक पाण्यात बुडवितात. आतील वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही. आम्ही हीच युक्ती वापरतो. बुडबुडे मोजता येत असल्याने संधान कोणत्या अवस्थेत आहे, हे झाकण न उघडता कळते. बुडबुडे थांबणे, फुले तळाशी बसणे, पेटती काडी न विझणे, रस-गंध-वर्ण प्रकट होणे, ही लक्षणे एकत्र पाहूनच आम्ही सिद्धी ठरवितो. घनतामापकाने पहिल्या दिवशी आणि अखेरीस द्रवाची घनता नोंदवून ठेवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. हे काचेचे साधे उपकरण पहिल्याच दिवशी वापरले असते, तर आमचा तो घाणा वाचला असता.

कायद्याची मर्यादा

येथे एक सावधगिरीचा शब्द. परदेशातील छंदाचे वर्णन वाचून कोणी घरी बिअर करण्याच्या मागे लागू नये. महाराष्ट्रात मद्यनिषेधाच्या कायद्याखाली ते विनापरवाना करता येत नाही. आपण जे करतो ते औषध आहे आणि त्याचे नियमन १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा करतो. विक्रीसाठी निर्मिती करणाऱ्यांस २००० साली आलेले व २००३ साली सुधारलेले परिशिष्ट 'टी' लागू आहे. मांडणी बदलताना परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास कळवावे आणि घाण्याच्या नोंदी चोख ठेवाव्यात. केवळ स्वतःच्या रुग्णांना देण्यासाठी औषध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना या परिशिष्टातून सूट आहे. परंतु सूट नियमांतून आहे, शुद्धतेतून नाही.

समारोप

विजेचे भांडे चुलीपेक्षा श्रेष्ठ आहे, असे सिद्ध करण्याचा आमचा हेतू नाही. वीज खर्चिक आहे, भारनियमन असेल तेथे बेभरवशाची आहे, आणि निष्काळजीपणाला चुलीहून कठोर शिक्षा देणारी आहे. तिने दिले ते इतकेच : धूर गेला, सरपणाची विवंचना गेली, आणि एका माणसाच्या देखरेखीत घाणा होऊ लागला. तेवढ्याने आमचे अर्जुनारिष्ट पुन्हा आमच्या हातचे झाले.

अग्नीची तीव्रता खटक्याने बदलता येते. क्वाथ सिद्ध झाला की नाही, हे खटका सांगत नाही. ते पाहणारा डोळा अद्याप माणसाचाच हवा. आमच्या काकांचा खोकला धूर सुटल्यावर पुष्कळ उतरला. ते आता भट्टीवर बसत नाहीत. दाराबाहेर, खटक्यांजवळ, खुर्चीवर बसतात. मापाची बादली मात्र त्यांनी अजून कोणाच्या हाती दिलेली नाही, आणि आम्हीही ती मागितलेली नाही.

ज्या वैद्यबंधू-भगिनींनी यासारखे प्रयोग केले असतील, त्यांनी आपले अनुभव, विशेषतः फसलेले घाणे, या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत. यशाच्या कथांइतकाच त्यांचाही आपणा सर्वांस उपयोग होईल.